तेरा पट्ट्यांची आई

१७ सप्टेंबर २०२३, रविवार. हैदराबाद

बाबांचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून मला वाटलं कोणी गेलं. गेलं कोणी नव्हतं. भय्याजी घरी येऊन गेले होते. भय्याजींची नाटक कंपनी आहे. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की ते गावोगाव नाटकं लावतात, आणि बाबा वीस वर्षांच्या वर झाली त्यांच्याकडे पेटी वाजवतात. भय्याजी सरळ बोलले म्हणे, "यादोराव, या सालापासून तुमची ते पेटी नको. कीबोर्ड आणा. नसन जमत तं मी दुसरा पोट्टा पाहतो."

मी म्हटलं, "बरोबर तं बोलले."

बाबा म्हणाले, "तुह्या आईले काय सांगू?"

आई मी दोन वर्षांचा असताना गेली. पण बाबा अजून असंच बोलतात, आणि मी काही म्हणत नाही.

ही पेटी म्हणजे हार्मोनियम नाही. दिसायला तशीच आहे, पण भात्याच्या जागी मोटर आहे आणि एकेका पट्टीखाली टेपची एकेक फीत आहे. पट्टी दाबली की फीत मोटरवर ओढली जाते, टेपरेकॉर्डरच्या हेडवरून सरकते आणि आवाज निघतो. सोडली की स्प्रिंग फितीला मागे खेचते. बाबा जवानीत नागपूरला एका रेकॉर्डिंगवाल्याकडे झाडझूड करायचे. तिथं विलायतेहून आलेली अशी एक मशीन बंद पडून होती. बाबा तिच्या पोटात डोकावून आले, आणि गावी, सिहोऱ्याला येऊन कॅसेटा कापून स्वतःची बनवली. विलायती मशिनीत बासऱ्या नि व्हायोलिनं भरलेली होती. बाबांनी आईचा आवाज भरला. तेरा पट्ट्या, तेरा वेळा आईचा "आ".

आई पडद्यामागून गायची. मरणाच्या सीनला तिचा आवाज निघाला की बाया पदर डोळ्याला लावत. पण तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, जागरण झालं की चार दिवस अंग उचलत नव्हतं. म्हणून बाबांनी ही युक्ती केली, की आवाज नाटकात जाईल आणि ती घरी झोपेल. एक सीझन तसा गेला. दुसऱ्या सीझनला पेटी राहिली, ती नाही.

मला तिचा चेहरा फोटोतला माहीत आहे. आवाज पेटीतला. स्वतःचं असं काहीच आठवत नाही.

मी म्हटलं, "बाबा, पेटी इकडं पाठवा. मी तिचा आवाज कीबोर्डात टाकून देतो. जसाच्या तसा. मंग तुमचीही जागा राहीन नि आईही राहीन."

२० सप्टेंबर

बाबा पाठवायला तयार नाहीत. "प्रवासात मोडन." मी म्हटलं, मोडूनच राहिली आहे ना. मागच्या सीझनला पेटीनं तीनदा दगा दिला. आवाज वर काय गेला, खाली काय आला, लोक ऐन मरणाच्या सीनला हसले. बाबांना त्याच्या आधीच्या पोळ्याला लकव्याचा हलका झटका येऊन गेला, डावा हात अजून पुरा वळत नाही. पण पट्ट्यांना उजवाच हात लागतो, म्हणून वाजवणं थांबलं नाही. दोष पेटीचाच आहे. इतकी जुनी फीत. ती किती दिवस निभवणार.

उस्तादांना विचारलं. उस्ताद म्हणजे माझे दुकानमालक, इथल्या कोटी भागातल्या बाजाराच्या मागे आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. कीबोर्ड, ॲम्प्लिफायर, सगळं येतं. म्हणाले, "टेप पे भरोसा नक्को मियाँ. टेप तो बीमार बुड्ढा है. डिजिटल में डाल, सौ साल सुन."

५ ऑक्टोबर, गुरुवार

पेटी आली. गावचा अश्विन इकडे कंपनीत आहे, तो नागपूरहून ट्रॅव्हल्सनं घेऊन आला. बाबांनी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दिली होती. अश्विन म्हणाला, "तुह्या बापानं मले सीटवर बसू देलं नाही बे. पेटीले सीट, मले खाली. वरून ड्रायव्हरले सांगते का बाई आजारी आहे, हळू चालव."

आम्ही दोघं हसलो.

उघडून पाहिली. बाबांच्या हाताला मानलं पाहिजे. सायकलच्या ब्रेकच्या स्प्रिंगा, शिलाई मशीनची पुली. पण जुगाडही भरपूर. डाव्या बाजूला पंख्याचा रेग्युलेटर ठोकून दिला आहे. त्याचे आकडे पूर्ण घासून गेलेत, नुसतं काळं बटन. गावात लाईट कमीजास्त होते, मोटर जळू नये म्हणून लावला असेल. इथं करंट पक्का आहे. मी तो काढून फेकला आणि मोटर सरळ जोडली.

फितींची हालत वाईट आहे. बोट लावलं तरी तांबडा भुगा येतो.

८ ऑक्टोबर, रविवार

आज दुकान बंद ठेवून दिवसभर हेच केलं. उस्तादांनी आधीच सांगितलं होतं, एक बार चलेगी, दूसरी बार का नाम नक्को ले. तसंच झालं. एक पट्टी दाबायची, आवाज कॉम्प्युटरात घ्यायचा, आणि फीत मागे जाईपर्यंत तिच्यावरचं सगळं हेडवर सांडलेलं. शेवटची फीत काढून उजेडात धरली तर आरपार दिसत होतं.

पण तेरा आवाज आले. मग एकेक साफ केला. मागे सूं सूं होतं ते काढलं, थरथर होती ती काढली. रात्री कीबोर्डावर वाजवला तेव्हा उस्तादांचेही हात थांबले. काचेसारखा आवाज. किती बारीक, किती कोवळा! मला वाटलं नव्हतं आई इतकी लहान होती. लहानपणी मंडईत पेटी ऐकायचो तेव्हा तो आवाज मला जड वाटायचा, अंगावर गोधडी टाकल्यासारखा. पण लहानपणी सगळंच मोठं वाटतं.

आता धूळ येऊ दे, जनरेटर लटपटू दे, काही होणार नाही. किती खूश आहे मी, लिहिता येत नाही.

११ ऑक्टोबर

बाबांना फोनवर ऐकवला.

"हे कोणाची पोट्टी आहे?"

"बाबा, आई आहे."

ते म्हणाले, "फोन खराब असन."

माझ्या फोनचा स्पीकर फाटलाच आहे. प्रत्यक्ष ऐकतील तेव्हा समजेल.

१४ नोव्हेंबर, मंगळवार. सिहोरा

पेटी, कीबोर्ड, सगळं घेऊन घरी आलो. धान कापून शेतातल्या बांध्या रिकाम्या झाल्या आहेत. बाबा बारीक झाले. डाव्या हाताला मफलर गुंडाळून बसतात. पेटी आली तशी त्यांनी मांडीवर घेतली, डाव्या बाजूला चाचपलं आणि विचारलं, "इथलं बटन?"

मी म्हटलं, "त्याचं काम नव्हतं."

"असं," म्हणाले.

पेटीत आता काही उरलं नाही हे मी सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी. भांडतील वाटलं होतं, नाही भांडले. उलट म्हणाले, "जेवून घे आधी. प्रवासाचा आहेस."

१९ नोव्हेंबर, रविवार

काल मंडईत पहिलं नाटक झालं. काय लिहू. लोकांनी डोक्यावर घेतलं. मरणाच्या सीनला आईचा आवाज निघाला आणि अख्खा मांडव चूप. नंतर शिट्ट्या. भय्याजी विंगेत येऊन माझी पाठ थोपटत होते. "धनंजय, निरा जादू केली बाप्पा! आता हे पेटी म्हणजे पेटी आहे."

पण तेव्हा कीबोर्डावर बाबा नव्हते. पहिला अंक त्यांनी वाजवला. तो सीन आला तसे उठून गेले. भय्याजींनी मागे बसलेल्या टेकचंदला बसवलं, तो पोट्टा तयारच होता. त्यानंच पूर्ण केलं.

बाबा बाहेर भज्यांच्या ठेल्यापाशी बसले होते. मी रागातच गेलो. "काहून उठले तुमी?"

"मले नाही जमत तिथं."

"काय नाही जमत? सुरात नाही का आवाज?"

"सुरात आहे."

"मंग?"

"परक्या बाईच्या अंगाले हात लावल्यासारखं वाटते."

मी नको ते बोललो. म्हटलं, "तुमाले आई नाही पाहिजे, तुमाले तुमची मोडकी पेटी पाहिजे. लोक रडून राहिले नि तुमी भजे खाऊन राहिले." भजेवाल्यासमोर. बाबा म्हणाले, "खातो कुठं, थंडीचा शेकत होतो." आणि खरंच त्यांच्या हातात काही नव्हतं.

२० नोव्हेंबर

आंबागडला कुसुममावशीकडे गेलो. आईची मोठी बहीण. फणकाऱ्याची बाई आहे, पण मनात काही ठेवत नाही. वर्षानं आलो म्हणून आधी शिव्या, मग चहा. तिला मोबाईलवर आईचा आवाज लावून दिला.

"हे कोण वं?" तिनं आपल्या सुनेलाच विचारलं.

मी म्हटलं, "मावशी, तुही बहीण."

"चाल! ललीचा असा नव्हता. ललीचा भरेल होता, घागरीत बोलल्यासारखा. हे तं सहावीतली पोट्टी गाऊन राहिली."

मी म्हटलं, पेटीतलाच आहे, काडीचा फरक केला नाही. ती मानेना. म्हणे, "मले शिकवतं का? भरला तेव्हा मी होतो ना तिथं. तुले मांडीवर घेऊन बसलो होतो, तू रडू नाही म्हणून. लाईट कशी होती तेव्हाची! बल्बमंधली तार लाल दिसे, बस. तुहा बाप म्हणे, एवढ्यातच भरून घेऊ, उद्या एवढीही नसन. मोटर अशी रडत रडत फिरे."

चहा माझ्या हातातच राहिला.

मोटर हळू फिरत असताना आवाज भरला. मग तीच मोटर पुऱ्या करंटवर फिरली तर आवाज चढणार, बारीक होणार, घाईत निघणार. हे मला, दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्याला, समजायला पाहिजे होतं. तो पंख्याचा रेग्युलेटर मोटर वाचवायला नव्हता. जनरेटरचा करंट भला जोरात असायचा, आणि बाबा डाव्या हातानं तो उतरवून उतरवून आईला त्या लाल बल्बच्या रातीवर आणून ठेवायचे. उजव्या हातानं पट्टी, डाव्या हातानं आई. पेटी बिघडली नव्हती. बाबांचा डावा हात गेला होता.

येताना बसमध्ये सीट होती तरी उभाच राहिलो.

घरी येऊन विचारलं, "बाबा, तुमी सांगितलं काहून नाही?"

"मले वाटलं तुले माहीत असन. तू मशिनीचं शिकला."

"पण नंतर? फोनवर ऐकला तेव्हा?"

"तेव्हा सांगून काय होत होतं गा? फिती तं गेल्या होत्या. तू किती खुशीत होता."

२१ नोव्हेंबर

मी म्हटलं, अजून काही गेलं नाही. आवाज खाली आणता येतो, कीबोर्डात एक आकडा बदलायचा आहे फक्त. किती खाली ते बाबांनी सांगावं. बाबांना विचारलं, आई कोणत्या पट्टीत गायची? काळी दोन? पांढरी चार?

"ती धरन ते पट्टी. पट्टी तिची राहे, मी मांगून जात होतो."

"पण पेटीवर तुमी बटन कुठं थांबवत होते?"

बाबांनी उजवा हात हवेत धरून फिरवून पाहिला. मग खाली ठेवला. "या हाताले माहीत नाही," म्हणाले.

तरी कीबोर्ड समोर असता तर झालं असतं. कीबोर्ड भय्याजींकडे. गेलो त्यांच्याकडे. सगळं समजावलं, दोन दिवसांसाठी मागितला. ते आधी हसले.

"आता कायले हात लावतं? चाललं आहे ना मस्त."

"तो आवाज आईचा नाही, भय्याजी."

"मले माहीत नाही का कोणाचा आहे? तुही आई माह्या कंपनीत गात होती, तू पाळण्यात होता. बाई मोठी गुणाची. पण पब्लिक आजची आहे. हे बारीक आवाज कसा काळजात जाते. खाली केला तं झोपून जातीन लोक." मग जरा हळू बोलले, "आणि यादोरावले आता घरीच राहू दे. टेकचंद बसते. एका हाताचा माणूस रातभर बसवणं मलेही बरं वाटत नाही."

घरी येऊन बाबांना हे कसं सांगावं कळत नव्हतं. त्यांना आधीच कळलं होतं. म्हणाले, "बरं झालं. गुडघेही दुखत होते."

मी त्यांची जागा वाचवायला निघालो होतो.

३ डिसेंबर, रविवार. हैदराबाद

आवाज दुकानाच्या कॉम्प्युटरात आहेतच. एका गिऱ्हाईकाचा दुरुस्त झालेला कीबोर्ड पडून आहे, त्यात टाकले. त्याच्या डाव्या बाजूला एक चाक असतं, फिरवलं की सूर खालीवर होतो, सोडलं की आपोआप मधोमध येतं. उस्ताद घरी गेले की मी फोन लावतो. फोन टेबलावर, उजव्या हातानं पट्टी, डाव्या हातानं चाक. नवा फोन घेतला आहे, स्पीकर साफ आहे.

"सांगा बाबा."

"खाली."

"आता?"

"खाली घे अजून."

"आता?"

"जास्त झाली. हे तं बाप्या माणूस वाटते."

ठरलं असं की ते "बस" म्हणतील तिथं मी कीबोर्डाच्या पडद्यावर दिसणारा आकडा नोंदवून घेईन आणि कायमचा बसवून देईन.

१२ डिसेंबर

काल "बस" म्हणाले. नोंदवला, बसवला. आज तोच लावला तर म्हणतात, "हे नाही."

"बाबा, कालचाच आहे. केसाएवढाही फरक नाही."

"असन. काल ती असन, आज नाही."

मी चिडलो, फोन ठेवला. मग परत लावला. बाबा काही झालंच नाही असं म्हणाले, "हं, लाव."

२४ डिसेंबर

अश्विननं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. दुसऱ्याच कंपनीचं नाटक, दुसरं गाव. मरणाचा सीन, आणि आईचा तो सहावीतल्या पोरीचा आवाज. भय्याजींनी कॉपी दिली वाटतं, किंवा टेकचंदनं. खाली लोकांनी लिहिलं आहे, काय गळा आहे, कोण बाई आहे ही. अश्विननं विचारलं, "तुही आईच ना बे? फेमस झाली!"

आता तो आवाज कुठं कुठं जाईल, मी कोणाकोणाला सांगू. फीत तुटायची, ओली व्हायची, अडकायची. हा काही तुटणार नाही.

१४ जानेवारी २०२४, रविवार

उद्याच्या संक्रांतीसाठी मावशी बाबांकडे आली आहे. तिनं फोन धरला होता. बाबांना सर्दी होती, बोलणं जड येत होतं. तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि चाक हळूहळू खाली आणत गेलो. बाबा "खाली" म्हणेनात, "वर" म्हणेनात. मला वाटलं फोन कटला. मग आवाजात श्वास दिसायला लागला. कोणी चुलीपाशी बसून, दमून, तरी गात आहे असं. मला काही आठवलं असं नाही. पण मी चाक आणखी फिरवलं नाही.

तिकडून बाबा बोलले. माझ्याशी नाही.

"जेवली का वं?"

मावशी मागे एकदम रडली. मी पट्टी दाबून धरली. बाबा आणखी काही बोलत होते, पोट्टा झोपला का, पाय दुखते का, असलं. हळू आवाजात. मी हाललो नाही. बोटाला कळा आल्या, डाव्या मनगटात गोळा आला, तरी नाही. मग मावशीनं फोन घेतला आणि म्हणाली, "राहू दे रे धनू आता. झोपले ते."

मी दोन्ही हात काढले. चाक आपल्या जागी गेलं.

आकडा नोंदवायचा राहिला.

१५ जानेवारी

सापडत नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

चार दिवस झाले. बाबा रोज वाट पाहत असतात, एका रिंगमध्ये उचलतात. मी तिसरी पट्टी धरतो, चाक उतरवतो, त्या रात्री इथंच होतं वाटतं तिथं थांबतो. बाबा ऐकतात. आता ते "खाली" म्हणत नाहीत, "वर" म्हणत नाहीत.

आज मी खूप वेळ लावला. केसाएवढं इकडे, केसाएवढं तिकडे. हात थरथरायला लागला तर सूरही थरथरला. मी म्हटलं, "बाबा, थांबा जरा, भेटन. कालच्यापेक्षा जवळ आहे."

"राहू दे," ते म्हणाले. "कितीक वेळ उठवतं तिले. थकली असन."